काळ्या बॉनेटवर पॉलिशची परीक्षा

कंपाउंड, पॉलिश, क्लीनर, क्लीनर-वॅक्स, ग्लेझ. गाडीच्या रंगावर लावायच्या बाटल्यांवर यातला कुठला शब्द छापायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं. एका कंपनीचं पॉलिश दुसरीच्या कंपाउंडपेक्षा जास्त कापतं, म्हणजे रंग जास्त घासून नेतं, आणि तिसरीच्या पॉलिशमध्ये कापणारा कणच नसतो. टूथपेस्टचं बरं आहे. ती दात किती घासते हे मोजायला आरडीए नावाची पट्टी आहे. कॅल्शियम पायरोफॉस्फेट १०० धरून बाकीच्या पेस्ट त्याच्याशी ताडतात, आणि आयएसओ ११६०९ या मानकाने २५० ही वरची मर्यादा घातली आहे. गाडीच्या पॉलिशला सगळ्यांनी मान्य केलेली अशी पट्टी नाही. कंपन्या आपापल्या बाटल्यांवर एक ते दहा वगैरे आकडे छापतात, पण एकीचा चार आणि दुसरीचा चार यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. शेवटी माझ्यापुरती पट्टी मीच बनवली. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे.

माझी नोकरी धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे घासणे या विषयात मला जरा जास्तच रस आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा धातूचा तुकडा आधी एमरी कागदांवर घासतात, मग फिरत्या कापडावर पाण्यात कालवलेल्या अ‍ॅल्युमिनाने (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची कठीण भुकटी). आधी १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), मग ०.३, शेवटी ०.०५. कागद बदलला की तुकडा ९० अंशांत फिरवायचा. म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे नव्या ओरखड्यांना आडवे दिसतात, आणि ते सगळे जाईपर्यंत पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. गाडीच्या पॉलिशमध्येही बहुतेक वेळा हेच अ‍ॅल्युमिना असतं. फरक एवढाच की धातूचा तुकडा जास्त घासला गेला तर दुसरा कापून घेता येतो. गाडीच्या क्लिअरकोटचं, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचं, तसं नाही.

कारखान्यातून निघालेल्या गाडीवर सगळे थर मिळून रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. पत्र्यालगत गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा १५-२० मायक्रॉनचा पापुद्रा आणि सर्वांत वर ३५ ते ५० मायक्रॉन क्लिअरकोट. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे आपण ज्याच्यावर मशीन फिरवतो तो थर केसाहून पातळ. खालच्या रंगाला अतिनील किरणांपासून वाचवणारी द्रव्यं याच थरात असतात. जोरदार कंपाउंडचा एक पूर्ण हात एक ते तीन मायक्रॉन सहज नेतो, बारीक पॉलिश एकाहून कमी. गेलेला मायक्रॉन परत येत नाही. कोणती बाटली किती कापते हे विकत घेण्याआधी कळायला हवं, ते एवढ्यासाठी.

तर परीक्षा अशी घेतली. भंगारातून आणलेलं काळं बॉनेट, कारखान्याचाच रंग असलेलं. काळं मुद्दाम, कारण पांढऱ्यावर काहीही खपून जातं. मास्किंग टेपने चौकोन पाडले. अर्ध्या चौकोनांवर पी २००० चा (आकडा जितका मोठा तितका कागद बारीक) ओला कागद एकाच दिशेने ओढून सरळ रेघा पाडल्या. उरलेले अर्धे आधी सगळ्यांत बारीक पॉलिशने आरशासारखे करून घेतले. रेघांच्या चौकोनावर बघायचं, बाटली किती कापते. आरशाच्या चौकोनावर बघायचं, ती स्वतः मागे काय सोडते. या दोन गोष्टी लोक एकच समजतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. मशीन एकच, ड्युअल अ‍ॅक्शन (पॅड गोल फिरवता फिरवता डोलवणारंही), वेग तोच, एकाच जातीचे नवे मध्यम फोम पॅड, प्रत्येक बाटलीला वेगळा. आणि प्रत्येक चौकोन बघण्याआधी पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. हे पुसणं टाळलं असतं तर परीक्षेचे निकाल उलटेसुलटे लागले असते. त्याबद्दल पुढे येईलच.

आता बाटल्या.

जोरदार गटात तीन कंपन्यांच्या तीन होत्या: थ्रीएमच्या परफेक्ट-इट मालिकेतलं हिरव्या झाकणाचं फास्ट कट प्लस, मेग्वायर्सचं एम १०५ आणि मेंझेर्नाचं हेवी कट ४००. तिघांनीही पी २००० च्या रेघा साफ केल्या. यांच्यात पहिला-दुसरा नंबर लावायला मी तयार नाही. फरक इतका कमी होता की हाताचा दाब थोडा बदलला तरी क्रम बदलेल. फरक होता तो वागण्यात. एम १०५ लवकर कामाला लागतं आणि लवकर सुकतं. धूळ करतं ही त्याची ख्याती जुनीच आहे, तिचा प्रत्यय आला. मेंझेर्ना ४०० पत्र्यावर बराच वेळ ओलं राहतं, त्यामुळे घाई होत नाही, आणि पुसायलाही सोपं. हिरव्या झाकणाचं कुठल्याही टोकाला जात नाही. ते बॉडीशॉपसाठीच बनवलेलं आहे आणि तसंच वागतं.

एम १०५ च्या बाटलीवर '१२०० किंवा त्याहून बारीक कागदाचे ओरखडे काढतं' या अर्थाचा दावा असतो. हा १२०० कुठला, हे विचारायला हवं. युरोपीय पी पद्धतीतल्या पी १२०० कागदाचा कण सरासरी १५.३ मायक्रॉनचा असतो. जुन्या अमेरिकी पद्धतीत १२०० म्हणजे साधारण ६.५ मायक्रॉन, निम्म्याहूनही कमी. माझा पी २००० होता १०.३ मायक्रॉनचा, म्हणजे त्या अमेरिकी १२०० पेक्षा जाडच. आकडा एकच आणि माप दोन, हे माहीत नसलं की माणूस चुकीचा कागद घेतो आणि पॉलिशला बोल लावतो.

मेग्वायर्सचंच अल्टिमेट कंपाउंड मी मध्यम गटात धरलं होतं. रेघांच्या चौकोनावर ते जोरदार गटातल्या तिघांच्या थोडंसंच मागे राहिलं. आरशाच्या चौकोनावर मात्र त्या तिघांपेक्षा कितीतरी कमी धुरकटपणा सोडला. घरी स्वतः गाडी करणाऱ्याने एकच बाटली घ्यायची असेल तर मी हिचं नाव घेईन.

मध्यम गटात थ्रीएमचं पिवळ्या झाकणाचं एक्स्ट्रा फाइन आणि मेंझेर्नाचं २५००. रेघा बऱ्याच गेल्या, खोल होत्या त्या राहिल्या. मेंझेर्नाच्या आकड्यांची रीत लक्षात ठेवायला सोपी आहे: आकडा लहान तर कापणं जास्त, मोठा तर बारीक. पण त्यांचा २५०० आणि कागदाचा पी २५०० यांचं नातं जोडू नका. तो त्यांच्या घरचा क्रमांक आहे.

बारीक गटात मेग्वायर्सचं एम २०५, थ्रीएमचं निळ्या झाकणाचं अल्ट्राफिना आणि मेंझेर्नाचं ३८००. कागदाच्या रेघा काढणं यांचं काम नाहीच, तरी एम २०५ ने त्या रेघा बोथट केल्या, कडा मोडल्या. बाकी दोघांनी रेघा फक्त चकचकीत केल्या. आरशाच्या चौकोनावर क्रम बरोबर उलटा झाला. निळं झाकण आणि ३८०० यांनी काहीच मागे सोडलं नाही, भिंग लावूनही नाही. एम २०५ ने अगदी कोवळा धुरकटपणा सोडला, तोही टॉर्च तिरपा धरल्यावरच दिसणारा.

जाता जाता या बारीक गटाच्या विरोधी टोकाचं एक. रबिंगची घट्ट पेस्ट, डब्यात मिळते, नाव लिहीत नाही. डब्यावर 'क्लिअरकोटसाठी सुरक्षित' असं ठसठशीत छापलेलं. कापण्यात ती मध्यम गटाच्याही खाली होती आणि मागे सोडलेले ओरखडे मात्र जोरदार गटापेक्षा खोल. म्हणजे नव्या रेघा जुन्यांपेक्षा वाईट. याचं कारण कणांच्या आकारात आहे. चांगल्या पॉलिशमध्ये सगळे कण जवळपास एका मापाचे असतात. इथे सरासरी कण बारीक असला तरी मधूनच एखादा दांडगा कण सापडतो, आणि पत्र्यावर दिसतो तो त्याचाच ओरखडा. 'क्लिअरकोटसाठी सुरक्षित' या छापील वाक्याला मी तेव्हापासून शून्य गुण देते.

भाच्याला हे सगळं बघून हसू येत होतं. त्याने एका बाटलीतला थेंब बोटांत चोळला आणि म्हणाला, "मावशी, एवढा खटाटोप कशाला? हे बघ, अगदी लोण्यासारखं आहे. बारीकच असणार." ती एम १०५ ची बाटली होती. मी त्याला एक जुनं क्लीनर-वॅक्स चोळायला दिलं. ते खरखरीत लागलं. त्या वॅक्समधले कण मऊ मातीचे, एकमेकांना चिकटून गोळे झालेले. बोटाला गोळा लागतो, पण पॅडखाली तो लगेच फुटतो. अ‍ॅल्युमिनाचा कण दहा-बारा मायक्रॉनहून बारीक झाला की तेलात बोटाला जाणवतही नाही, आणि तरीही कठीणपणात तो मोज नावाच्या १ ते १० च्या पट्टीवर ९ वर असतो. काही क्लीनरमध्ये घातली जाणारी केओलिन माती २ ते २.५, खडू ३, वाळूतलं क्वार्ट्झ ७. बोटाला आकार कळतो, काठिण्य कळत नाही. कापतं ते दोन्हींच्या मेळाने. भाचा गप्प बसला, पण पटलेलं दिसलं नाही.

आता क्लीनरकडे. नावं सारखी आणि काम वेगवेगळं, असा सगळ्यांत जास्त गोंधळ याच खणात आहे.

एक प्रकार निव्वळ रासायनिक. क्लासे या जर्मन नावाचं ऑल-इन-वन हे त्यातलं जुनं आणि मानाचं. ते मळ सोडवतं, जुनं वॅक्स उतरवतं आणि मागे अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर ठेवतं. माझ्या रेघांवर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही, आणि व्हायलाही नको होता. ज्याच्या गाडीचा रंग शाबूत आहे पण कळकट दिसतो, त्याने कापणाऱ्या बाटलीला हात लावण्याआधी हे वापरून बघावं. कित्येकदा जो निस्तेजपणा रंग मेल्यासारखा वाटतो, तो वर बसलेला मळ असतो. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रुतले असतील तर त्यांना वेगळं द्रव येतं. फवारलं की जांभळं होत ओघळतं. डांबराचे ठिपके त्यासाठीच्या द्रवाने जातात. या दोन्हींत घासणं जवळपास नाही.

दुसरा प्रकार थोडं कापणारा आणि बराच झाकणारा. ऑटोग्लिम कंपनीचं सुपर रेझिन पॉलिश यात येतं आणि ते या जातीतलं उत्तम आहे, असं माझं मत. रेघांच्या चौकोनावर लावलं, पुसलं आणि बघितलं तर अर्ध्या रेघा गायब. मग अल्कोहोलने पुसलं. रेघा परत आल्या. सगळ्या नाही, अगदी वरवरच्या होत्या त्या खरोखर गेल्या होत्या. ओरखडा दिसतो तो त्याच्या कडांवरून प्रकाश वाकडा उडतो म्हणून. तेल किंवा रेझिन त्या चरात जाऊन बसलं आणि त्याचा अपवर्तनांक क्लिअरकोटच्या जवळपास असला, की प्रकाशाला चर जाणवतच नाही. यात फसवणूक नाही. बाटली तेच सांगून विकली जाते, आणि मायक्रॉन न घालवता गाडी चांगली दिसत असेल तर तो शहाणपणाच. दहा वर्षं जुन्या, आधीच बरंच घासून झालेल्या गाडीवर मी तरी आणखी कापण्याऐवजी हेच लावेन.

फसवणूक कुठे होते? 'ओरखडे कायमचे काढले' म्हणून पैसे घेतले जातात आणि दोन-तीन धुण्यांनंतर ते परत दिसायला लागतात, तिथे. काम करून घेतलंत तर गाडी ताब्यात घेण्याआधी एका कोपऱ्यावर अल्कोहोलचं फडकं फिरवायला सांगा. चांगला कारागीर ते स्वतःहून करून दाखवतो.

मेग्वायर्सचं एम ०७ शो कार ग्लेझ हे तर कापण्याच्या पट्टीवर शून्यच. त्यात तेलं आहेत, कण नाहीत. क्लिअरकोट नसलेल्या जुन्या एकथरी रंगावर मात्र हीच तेलं फार उपयोगी पडतात. उन्हाने कोरडा पडलेला जुना लाल रंग त्याने पुन्हा गडद होतो. एकथरी रंग घासताना फडक्यावर गाडीचाच रंग उतरतो, त्याने घाबरून जाऊ नये. क्लिअरकोटच्या गाडीवर मात्र फडक्यावर गाडीचा रंग दिसला तर तिथल्या तिथे मशीन बंद करायचं, क्लिअरकोट संपला आहे.

ब्रिटिशांचं टी-कट याच एकथरी रंगांच्या जमान्यातलं. मेलेला वरचा थर खरवडून खालचा जिवंत रंग वर आणायचा, हे त्याचं काम. हाताने लावायचं द्रव असूनही ते कापतं, त्यामुळे नुसतं 'क्लीनर' समजून नव्या गाडीवर दर महिन्याला लावणं चुकीचं.

क्ले बारला, म्हणजे रुतलेला मळ ओढून काढणाऱ्या मातीसारख्या वडीला, बरेच लोक साफसफाईतच धरतात. तीही थोडी कापते. पुरेसं वंगण न वापरता फिरवली तर आरशाच्या चौकोनावर बारीक रेघा पडतात, काळ्यावर त्या स्पष्ट दिसल्या. मऊ क्ले आणि भरपूर वंगण घेतलं तेव्हा जवळपास काहीच नाही. म्हणून क्लेनंतर लगेच वॅक्स लावण्याऐवजी मध्ये बारीक पॉलिशचा एक हात द्यावा, निदान गडद रंगावर.

इथपर्यंत पॅड एकच होतं. मग ते बदलून पाहिलं आणि माझी अर्धी क्रमवारी मोडली.

एम २०५ कापणाऱ्या फोमवर लावलं तर ते मध्यम गटात जाऊन बसलं. मेंझेर्ना २५०० लोकरीच्या पॅडवर जवळपास ४०० इतकं कापायला लागलं, फक्त लोकरीच्या स्वतःच्या रेघा मागे राहिल्या. उलट, अल्टिमेट कंपाउंड अगदी मऊ पॅडवर हलक्या हाताने फिरवलं तर त्याने बारीक पॉलिशसारखं काम केलं. यामागे कणांची जात आहे. जुन्या धाटणीच्या पॉलिशमधले कण घासताना फुटत जातात, सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक. अशी बाटली पूर्ण फुटेपर्यंत चालवावी लागते, मध्येच थांबलात तर ओरखडे उरतात. मेग्वायर्सच्या एम १०५, एम २०५ आणि अल्टिमेट कंपाउंडमधले कण असे फुटण्यावर अवलंबून नाहीत. ते पहिल्यापासूनच बारीक आणि एकसारखे असतात. मग किती कापायचं हे पॅड आणि दाब ठरवतात. बाटलीवरचा आकडा हा अर्धाच आकडा आहे. उरलेला अर्धा पॅडच्या पाकिटावर असायला हवा, आणि तिथे तो नसतो.

पाकिटावर असतो तो रंग, आणि रंगाचीही सर्वमान्य रीत नाही. थ्रीएमने झाकण आणि पॅड यांचे रंग जुळवले आहेत, हिरव्याला हिरवं, पिवळ्याला पिवळं, निळ्याला निळं. त्यांच्या घरात राहिलात तर चुकायला जागा नाही. लेक कंट्री या कंपनीचं पिवळं पॅड मात्र कापणाऱ्या गटातलं, तर थ्रीएमचं पिवळं पॉलिशचं. पिवळं पॅड दे असं म्हणून कुणाकडून उसनं आणू नका.

मशीनविना, नुसत्या हाताने काम करायचं असेल तर फुटणाऱ्या कणांची बाटली घेऊ नका. हाताच्या घासण्यात तेवढी गती नसते की कण पूर्ण फुटावेत, त्यामुळे जाड कणाचा ओरखडा तसाच राहतो. अल्टिमेट कंपाउंड हाताने चाललं, फक्त वेळ लागला आणि मनगट दुखलं. मेंझेर्ना ३८०० हाताने वापरून फारसं काही होत नाही. रोटरी मशीन (पॅड नुसतं गोल फिरवणारं) नवख्याने घेऊ नये एवढंच म्हणते. त्याचे होलोग्राम, म्हणजे उन्हात चमकणारे गोलाकार पट्टे, काढायला पुन्हा ड्युअल अ‍ॅक्शन लागतंच.

मग रंगाचा कठीणपणा. हेच प्रयोग मी दुसऱ्या एका गाडीच्या दारावर थोडक्यात करून पाहिले. तिथला क्लिअरकोट मऊ निघाला. एम १०५ ने रेघा निम्म्या वेळात काढल्या आणि त्याबदल्यात असा धुरकटपणा सोडला की तो काढायला दोन पायऱ्या उतराव्या लागल्या. एम २०५ ने तिथे एकट्यानेच सगळं काम केलं असतं. जर्मन गाड्यांचा रंग कठीण आणि जपानी गाड्यांचा मऊ, असं सर्रास बोललं जातं. त्यात तथ्य असलं तरी तेवढ्यावर विसंबू नये, कारण एकाच कंपनीतही क्लिअरकोट बदलत असतो. मर्सिडीजने २००३ च्या अखेरीस क्लिअरकोटमध्ये सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण घालायला सुरुवात केली, ओरखडे कमी पडावेत म्हणून. निसानने २००५ मध्ये स्क्रॅच शील्ड आणलं, तिथे उलट विचार: क्लिअरकोट लवचीक ठेवायचा, म्हणजे बारीक ओरखडा कालांतराने आपोआप मिटतो. या दोन गाड्यांवर एकच बाटली एकसारखी कशी वागेल? दुरुस्तीनंतर गॅरेजमध्ये मारलेला रंग तर तिसराच प्रकार, बहुधा कारखान्याच्या रंगापेक्षा मऊ.

रंगाची जाडी मोजणारं यंत्र असेल तर सगळं कळेल, असं वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट. साधं यंत्र पत्र्यापासून वरच्या पृष्ठभागापर्यंतची एकूण जाडी सांगतं. त्यातला क्लिअरकोट किती, हे सांगत नाही. त्यासाठी अल्ट्रासाउंडचं महाग यंत्र लागतं. शिवाय साध्या यंत्राची चूक एक-दोन मायक्रॉनची असतेच आणि बारीक पॉलिश त्याहून कमी नेतं. माझ्या चौकोनांवर जोरदार गटाचा फरक यंत्राने दाखवला, मध्यमचा कधी दाखवला कधी नाही, बारीकचा अजिबात नाही. तरी ते जवळ असावं, पण ते कापणं मोजायला नव्हे. कुठला पत्रा आधीच पातळ झाला आहे आणि कुठे पूर्वी रंग मारला आहे, हे ओळखायला. दाराचा आकडा १२० आणि शेजारच्या फेंडरचा ३००, तर फेंडर दुरुस्त झालेला आहे, आणि त्यावर तीच बाटली वेगळी वागेल.

टूथपेस्टही बघितली, कारण प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच. ती कापते. सिलिका किंवा खडू असतो तिच्यात. बारीक ओरखडा फिका होतो आणि भोवती दुधट डाग पडतो. दातासाठी मोजलेली पट्टी क्लिअरकोटवर चालत नाही. मऊ मेकअप काढायच्या कापसाने लावून बघितली तरी निकाल तोच. संपला विषय.

एवढं सगळं करून माझ्या कपाटात काय राहिलं? अल्टिमेट कंपाउंड आणि मेंझेर्ना ३८००, सोबत मध्यम आणि मऊ अशी दोन जातींची पॅडं. रोजच्या धुण्याने पडणारे आणि उन्हात गोल दिसणारे स्वर्ल मार्क या दोघांत निभावतात. आधी नेहमी ३८०० मऊ पॅडवर, वीतभर जागेत. तेवढ्याने भागलं तर पूर्ण गाडीवर तेच. नाही भागलं तर तेच द्रव मध्यम पॅडवर. तरीही नाही, तर मग कंपाउंड. नखाला अडकणारा ओरखडा असेल तर मी कुठल्याच बाटलीला हात लावत नाही. तो बहुधा क्लिअरकोटच्या फार खोल गेलेला असतो आणि त्याच्यापर्यंत पोचायला भोवतीचा सगळा थर उतरवावा लागेल. एम २०५ भाच्याला दिलं, त्याची गाडी मऊ रंगाची आहे. जोरदार गटातलं काही मी ठेवलं नाही. कागद मारून काम करणाऱ्या माणसाला ते लागतं, मला लागत नाही.

बाटली वापरण्याआधी दोन मिनिटं नीट हलवा. कण तळाशी बसलेले असतात. न हलवता ओतलं तर सुरुवातीला नुसतं तेल येतं आणि बाटली संपताना घट्ट गाळ, मग तीच बाटली पहिल्या महिन्यात बारीक आणि शेवटी जोरदार वाटते. झाकणाच्या कडेला सुकलेला चुरा ओल्या फडक्याने पुसून घ्या, तो पॅडवर पडला की ३८०० सुद्धा ओरखडा काढतं. आणि एका पॅडवर एकच द्रव. पॅडच्या पाठीवर मार्करने बाटलीचा आकडा लिहून ठेवला की धुऊन वाळवल्यानंतर गोंधळ होत नाही.